दर तासाला बाबांचे पाय तपासणाऱ्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,

बाबा आता घरात काठीशिवाय चालतात. बाकी सगळं नंतर, आधी हे तुम्हाला कळवायचं होतं.

बाबांच्या महाधमनीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला, छातीपासून पोटापर्यंत फुगवटा आला होता. ऑपरेशन झालं, कृत्रिम नळी बसली, बाबा शुद्धीवर आले, आणि आम्हाला वाटलं, सुटलो. पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या, पायांना हलवणाऱ्या मज्जारज्जूवरचं संकट अजून टळलेलं नाही, हे आम्हाला उमगलं ते तुमच्यामुळे.

भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. मज्जारज्जूच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाला रक्त देणारी धमनी एकच. खालच्या भागात तिला मुख्य पुरवठा होतो तो महाधमनीच्या एका शाखेतून, बहुतेकांच्यात डाव्या बाजूने निघणाऱ्या. एकोणिसाव्या शतकात तिचं वर्णन करणाऱ्या अल्बर्ट अ‍ॅडमकिविझ यांचं नाव तिला आहे. ऑपरेशनमध्ये महाधमनीला क्लॅम्प, म्हणजे रक्त अडवणारा चिमटा, लावला की हा पुरवठा थांबतो, आणि काही शाखा तर कायमच्या बंद कराव्या लागतात. मग मज्जारज्जू जगतो तो आडवाटांनी पोचणाऱ्या रक्तावर. बीपी जरा उतरलं की तेही कमी पडतं. म्हणूनच ऑपरेशनमधून हलत्या पायांनी बाहेर आलेल्या माणसाचे पाय काही तासांनी, कधी काही दिवसांनीही जाऊ शकतात.

मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढला, तरी रक्त आत शिरायला अडतं. ते पाणी काढण्यासाठी बाबांच्या पाठीत बारीक नळी होती. ह्यूस्टनच्या डॉ. जोसेफ कोसेली यांच्या गटाने २००२ मध्ये १४५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो मी नंतर वाचला. अशी नळी न घातलेल्यांपैकी १३ टक्के रुग्णांचे पाय लुळे किंवा कमजोर झाले होते, नळी घातलेल्यांपैकी २.६ टक्के. आकडे वाचून मला तुमचीच आठवण झाली. नळी आपली आपण काही करत नाही, तिच्याजवळ कोणीतरी जागं असावं लागतं. पाणी कमी निघालं तर मज्जारज्जूला धोका, भराभर निघालं तर मेंदूभोवती रक्तस्राव. "मला विचारल्याशिवाय बेड वरखाली करायचा नाही," असं तुम्ही दादाला बजावलंत. बेड हलला की नळीची पातळी पुन्हा जुळवावी लागते, हेही लगेच सांगितलंत.

मॉनिटरवरचं बीपी पाहून आई घाबरली होती. ऑपरेशनआधी ते कमी ठेवा म्हणून आमच्या मागे लागलेले डॉक्टर आता वाढू का देतात, हे तिला कळेना. "आजी, आता मज्जारज्जूकडे रक्त चढायला हवं, म्हणून मुद्दाम वर ठेवलंय," असं तुम्ही तिचा हात धरून सांगितलंत. इतक्या कामात कोणी एवढं थांबत नाही.

आणि मग ती पहाट. तासातासाला तुम्ही बाबांना पाय उचलायला, बोटं हलवायला लावत होतात आणि ते वैतागत होते. त्या वेळी डावा पाय जड झाला होता. "मुंग्या आल्यात, झोपू दे मला," असं ते म्हणाले, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाचं हे बोलणं कोणालाही पटलं असतं. तुम्हाला पटलं नाही. तुम्ही उजवा पाय तपासलात, पुन्हा डावा तपासलात आणि डॉक्टरांना उठवलंत. बीपी आणखी वर नेलं, पाणी मोजून काढलं, ऑक्सिजन वाढवला, हिमोग्लोबिन कमी होतं म्हणून रक्त चढवलं. दुपारपर्यंत बाबा डावा पाय गादीवरून उचलू लागले. अशा वेळी उशीर झाला तर पेशी मरतात आणि मेलेली पेशी परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तो उशीर तुम्ही होऊ दिला नाहीत.

सर्जन, भूलतज्ज्ञ, सगळ्यांचेच आम्ही ऋणी आहोत, आणि त्यांना ते सांगितलंही. तुमची मात्र ड्यूटी बदलली, आम्ही वॉर्डात गेलो आणि भेट राहून गेली. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

तुमच्या मेट्रनना मी वेगळं पत्र दिलंय. त्या रात्री तुमच्याकडे फक्त बाबाच होते, दुसरा पेशंट नव्हता. असं ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाजवळ पहिल्या काही रात्री अशीच एक सिस्टर असावी, अशी विनंती त्यात केली आहे. त्यासाठी आमच्या अनुभवाचा उपयोग होणार असेल, तर कधीही बोलवा. बाबाही येतील.

तुमची ऋणी,
त्या आजोबांची मुलगी