चित्र टिकावे, हक्कही टिकावा

महोदय,

नाशिकला जलरंगातील निसर्गचित्रणाची परंपरा आहे. शिवाजी तुपे यांचे नाव त्यात आदराने घेतले जाते. आजही गोदाघाटावर मुले रंगवायला बसतात, याचा आनंद वाटतो. विषयाच्या शोधात गावोगाव फिरण्यापेक्षा गोदाकाठचे एकच नारोशंकर मंदिर सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला रंगवावे. काळा दगड कोवळ्या उन्हात तांबूस दिसतो, सावलीत निळसर. ट्यूबमधला काळा वापरला की तो निर्जीव होतो; अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळून करडा करावा.

चित्र विकायचे असेल तर सामानात काटकसर नको. कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड), पूर्ण सुती घ्यावा. पातळ कागद ओला होताच फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. ॲलिझरिन क्रिमसन हा गडद लाल रंग उजेडाने उडतो, तो टाळावा. फ्रेमची काच कागदाला टेकू देऊ नये, मध्ये आम्लरहित माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवाच. नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते.

सर्वांत दुर्लक्षित बाब कराराची. मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून चित्र काढले, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसल्यास, पहिला हक्क काम देणाऱ्याचा ठरतो. मग तेच चित्र कॅलेंडरवर छापले तरी जादा मानधन मागता येत नाही. म्हणून आगाऊ रक्कम घेतानाच हक्क कोणाकडे राहणार हे लिहून सही घ्यावी. कला महाविद्यालयांनी असा करार लिहिण्याचा प्रत्यक्ष सराव शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा, ही विनंती.

– एक चित्रकार, पंचवटी, नाशिक