सुतारकाका, आजीला विचारल्याबद्दल

सुतारकाका,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही स्वतः मोबाइलवर एवढं मोठं वाचणार नाही, तुमची लेक वाचून दाखवेल. तरी सगळ्यांसमोर लिहितेय, कारण आमच्या वाड्यावरून आम्ही बोलणीही सगळ्यांसमोरच खाल्ली आहेत.

निफाडचा पारा उतरला की पेपरात बातमी येते. द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, त्यांचे फोटो येतात. जुन्या नाशकातल्या कौलारू वाड्यांत म्हातारी माणसं त्या पहाटे कशी काढतात, ते कोणी विचारत नाही. आमच्या आजी ८४ वर्षांच्या. दोन गोधड्या, वर शाल, कानाला मफलर, तरी पहाटे त्यांचे दात वाजायचे आणि मी नुसती हात चोळत बसायचे.

तुमच्याआधीही माणसं आली होती. एकाने उंबऱ्यातूनच वर बघितलं आणि "पाडा, बिल्डिंग बांधा" म्हणून निघून गेला. दुसऱ्याने आगाऊ पैसे घेतले आणि खिडक्यांच्या फटींत पांढरं सिमेंट कोंबलं. पावसाळ्यात सागवान फुगलं, झडपा अडकून बसल्या. पुढे हिवाळ्यात लाकूड आटलं तेव्हा सिमेंटच्या खपल्या पडल्या आणि फटी होत्या तिथेच राहिल्या. आता तो फोनही उचलत नाही. एवढे सगळे येऊन गेले, पण बोलले ते आमच्या ह्यांच्याशी. खाटेवर बसलेल्या आजींकडे एकानेही मान वळवली नाही.

तुम्ही मुद्दाम दिवेलागणीनंतर आलात. दिवसा वारा कळत नाही, म्हणालात. पिशवी खाली ठेवली आणि सरळ खाटेपाशी जाऊन उकिडवे बसलात. "आजी, वारा कुठं लागतो तुम्हाला?"

आजी म्हणाल्या, "उजव्या कानाला. पहाटे."

"जरा टेकू का इथं?" असं विचारून तुम्ही टोपी काढलीत आणि त्यांच्या उशीवर डाव्या कुशीला पडलात, उजवा कान वर ठेवून. डोळे मिटून. आम्ही सगळे गप्प. मग उठून उदबत्ती मागितलीत. भिंतीलगत ती हळूहळू सरकवत होतात. धूर सरळ वर जात होता, आणि कोनाड्यापाशी एकदम खोलीच्या आत वाकला. कोनाड्याच्या मागे बोळाकडची जुनी दिवळी निघाली, वरवर एक फळी ठोकलेली. पैसे गेले खिडक्यांवर आणि वारा येत होता इथून, आजींच्या कानापासून हातभर अंतरावरून!

पुढचं काम तुम्ही कसं केलंत ते सगळं लिहीत नाही. दिवळी नीट बुजवलीत. झडपांना फेल्टची पट्टी लावताना "पावसात लाकूड फुगणार, त्याला जागा ठेवायला पाहिजे" म्हणालात. कौलांतून ऊब निघून जाते म्हणून माळ्यावर जुन्या गोधड्या अंथरायला लावल्यात. मी म्हटलं, वरचा झरोकाही बंद करून टाका, तर माझ्यावर चक्क ओरडलात. "आजी शेगडी घेतात ना? कोंडलेल्या खोलीत कोळशाच्या वायूने माणूस झोपेतच जातो." शिवाय शेगडी रात्री खोलीबाहेर ठेवायची, हे माझ्याकडून दोनदा वदवून घेतलंत. त्या ओरडण्याचेही आभार, काका.

पण मनातून जात नाही ते तुमचं उशीवर डोकं टेकणं. ज्याला थंडी वाजते त्यालाच आधी विचारायचं, ह्याला ना पैसा लागतो ना शिक्षण. तरी किती दुर्मिळ झालंय हे! दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावरून बरोबरच्याशी बोलतात. आजी त्या रात्री मला म्हणाल्या, "त्याने मला विचारलं गं." दुसरं काही बोलल्या नाहीत. मला मात्र रडू आलं, आत्ता लिहितानाही येतंय.

आता पहाटे त्या मफलर काढून झोपलेल्या दिसतात.

मजुरीवर जास्तीचे ठेवलेले पैसे तुम्ही कोनाड्यात परत ठेवून गेलात, ते सकाळी सापडले. ते आता परत देत नाही. पण माडीवरच्या दाराचं काम राहिलंय, त्याला याल तेव्हा जेवूनच जायचं. आजींनी मांडे करायला सांगितलेत, आणि त्यांचं मी मोडणार नाही.

तुमची,
वाड्यातली सूनबाई
जुने नाशिक