‘सीई’ची पाटी विकत मिळत नाही

महोदय,

भोसरीत गेली १८ वर्षे मी यंत्रांच्या इलेक्ट्रिक पॅनेलचे काम करतो. युरोपला जाणाऱ्या यंत्रावर ‘सीई’ची, म्हणजे तिथले सुरक्षा नियम पाळल्याची, खूण लागते, म्हणून अनेक लघुउद्योजक एजंटाला पैसे मोजून ‘सर्टिफिकेट’ घेतात. मुळात बहुतेक यंत्रांना बाहेरच्या कुणाचे प्रमाणपत्र लागतच नाही. धोके तपासून, ते दूर करून, तांत्रिक फाइल तयार करून उत्पादकानेच स्वतःच्या सहीने घोषणापत्र द्यायचे असते. फाइल १० वर्षे जपायची असते. जबाबदारी त्याचीच.

गेल्या महिन्यात एका कारखान्यात असा कागद फ्रेम करून लावलेला पाहिला. त्याच्याच खालच्या यंत्राचे लाल इमर्जन्सी बटण दाबले, यंत्र थांबले. बटण फिरवून सोडताच स्पिंडल (यंत्राचा फिरता दांडा) आपोआप फिरू लागला! बटण सोडल्यावर यंत्र नुसते तयार व्हावे, चालू होऊ नये, हा तर मूळ नियम. दुरुस्तीला एक रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि तासाभराचे वायरिंग पुरले. ऑपरेटरचा हात तेव्हा आत असता तर? आणि हे यंत्र युरोपला न जाता इचलकरंजीला गेले असते, तरी हात माणसाचाच असता.

२००६ च्या युरोपीय यंत्र निर्देशाची जागा २० जानेवारी २०२७ पासून नवा नियम २०२३/१२३० घेणार आहे. त्यात कंट्रोल सॉफ्टवेअरमधील छेडछाडीचा धोकाही धरला आहे. उद्योजक संघटना आणि आयटीआय यांनी याचे वर्ग मराठीतून, शॉप फ्लोअरवर, आतापासूनच सुरू करावेत.

– एक पॅनेल वायरमन, भोसरी, पुणे