टाइप-सी केबलवर तिची क्षमता छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात मी लॅपटॉपला जोडण्यासाठी नवा मॉनिटर घेतला. सोबतची केबल आखूड पडली, म्हणून फोनच्या चार्जरबरोबर आलेली लांब केबल लावली. दोन्ही टोके टाइप-सी असल्याने ती नीट बसली, लॅपटॉप मॉनिटरवरून चार्जही होऊ लागला, पण पडद्यावर ‘सिग्नल नाही’ एवढीच अक्षरे येत राहिली. चार्जिंग होते आहे म्हणजे केबल चांगली आहे, असे मी धरून चाललो आणि माझ्या जागी बहुतेकांनी तेच धरले असते.

कारण पुढे कळले. 2014 साली आलेल्या या यूएसबी टाइप-सी जोडणीच्या तोंडाशी 24 पिना असतात, पण केबलच्या आत त्या सगळ्यांसाठी तारा असतीलच असे नाही. चार्जिंगपुरत्या केबलमध्ये वीज आणि सेकंदाला 480 मेगाबिट वेगाची जुनी माहितीवाहिनी एवढेच असते. चित्र ज्या वेगवान तारांतून जाते, त्या तारा तिच्यात नसतात. एक केबल 60 वॅटपर्यंत वीज नेते, दुसरी 240 वॅटपर्यंत. एकीचा वेग 480 मेगाबिट, दुसरीचा 40 गिगाबिट, आणि टेबलावर शेजारी ठेवल्या तर त्या ओळखू येत नाहीत. लॅपटॉपवरच्या छिद्रांचेही तसेच आहे, कारण एकातून चित्र बाहेर जाते आणि शेजारच्यातून जात नाही. युरोपीय संघाने 28 डिसेंबर 2024 पासून फोन, टॅब्लेट, कॅमेरे अशा अनेक उपकरणांना चार्जिंगसाठी हेच तोंड सक्तीचे केले. निर्णय चांगलाच आहे, पण तोंड एक झाल्याने आतली क्षमता एक होत नाही, हे ग्राहकाला कोणी सांगायचे?

ते मॉनिटरच्या कंपनीच्या मदतकेंद्राने सांगावे, अशी माझी अपेक्षा होती. सहा दिवसांत मी चार वेळा फोन केला. दर वेळी नवी व्यक्ती, नवा तक्रार क्रमांक आणि तेच प्रश्न: मॉडेल कोणते, बंद करून पुन्हा सुरू केले का, सेटिंग मूळपदावर आणले का. दुसऱ्या फोननंतर मला लॅपटॉपच्या कंपनीकडे पाठवण्यात आले आणि त्यांनी मॉनिटरच्या कंपनीकडे परत पाठवले. बोलणारी सगळी माणसे अतिशय सौजन्याने बोलली, हे मला मुद्दाम नोंदवायचे आहे. ती कंपनीची नव्हे, कंत्राटदाराची माणसे होती. समोरच्या पडद्यावरची प्रश्नावली वाचायची आणि ठरलेल्या मिनिटांत फोन संपवायचा, हे त्यांचे काम. ज्यांनी ते यंत्र बनवले त्यांच्यापर्यंत त्यांचा आवाज पोचत नाही.

चौथ्या वेळचा तरुण मात्र प्रश्नावली वाचता वाचता थांबला आणि म्हणाला, “सर, केबल मॉनिटरच्या खोक्यातलीच आहे ना?” मी मूळ केबल लावली आणि क्षणात चित्र आले. हा प्रश्न तुमच्या यादीत आहे का, असे मी विचारले. नाही, घरी स्वतःला हाच त्रास झाला होता म्हणून सुचले, असे तो म्हणाला.

वेग आणि वॅट दाखवणारी चिन्हे यूएसबीचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने तयार केलेली आहेत, पण ती प्रमाणपत्र घेणाऱ्या उत्पादकांपुरतीच. प्रत्येक केबलच्या टोकावर तिचा वेग, तिचे वॅट आणि ती चित्र नेते की नाही, हे छापणे सक्तीचे व्हावे, तसेच लॅपटॉपच्या प्रत्येक छिद्राशेजारीही तशी खूण असावी, अशी माझी मागणी आहे. मदतकेंद्राचे काम खुशाल बाहेर द्यावे, पण तिथल्या माणसाला जे उमगते ते कंपनीच्या अभियंत्यांपर्यंत पोचवण्याची सोय त्या करारातच असायला हवी.

फोन ठेवण्यापूर्वी मी त्या तरुणाला केबलचे कारण नोंदवून ठेवण्याची विनंती केली. कारणांची यादी ठरलेली आहे आणि तिच्यात केबल नाही, असे त्याने सांगितले. माझी तक्रार ‘इतर’ या सदराखाली बंद करण्यात आली.

आपला विश्वासू,
एक वाचक