अंडरसूट धुवायला शिकवणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सादर नमस्कार.

इंग्लंडच्या मिडलँड्समधल्या डायव्हिंगच्या दुकानामागच्या खोलीत भाड्याचे ड्रायसूट, म्हणजे अंग कोरडं ठेवणारे डायव्हिंगचे सूट, आणि त्यांच्या आतले उबदार कपडे, म्हणजे अंडरसूट, धुऊन-वाळवून तयार ठेवणारे तुम्ही. स्टोनी कोव्हला येणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना तुम्ही काउंटरवर उभ्या उभ्या जे सांगत आलात, त्याचे आभार मानायला हे पत्र. ते उघडं लिहितो आहोत, म्हणजे नव्याने येणाऱ्यांनी तुमचं डोकं खाण्याआधी निदान एवढं तरी वाचलेलं असेल.

तारकर्लीच्या कोमट पाण्यात शिकून आलेल्याला अंडरसूट हा प्रकारच ठाऊक नसतो. तिथला पातळ वेटसूट नळाखाली विसळला की काम संपलं. स्टोनी कोव्ह म्हणजे लेस्टरशरमधली पाण्याने भरलेली जुनी खाण, तिथे हिवाळ्यात पाणी 4-5 अंशांवर येतं. ट्रायलॅमिनेटचा, म्हणजे तीन थरांच्या पातळ कापडाचा, ड्रायसूट पाणी बाहेर ठेवतो, पण स्वतः जवळपास काहीच ऊब देत नाही. ऊब असते ती आतल्या तंतूंत अडकलेल्या हवेची. पाणी हवेच्या सुमारे 24 पट सहज उष्णता वाहून नेतं, त्यामुळे तंतू चिकटून बसले किंवा ओले राहिले की जाडजूड अंडरसूट घालूनही माणूस कुडकुडतो. ‘कपडा धुवायचा नाही, त्यातली हवा परत आणायची,’ हे तुमचं वाक्य आम्हाला पाठ झालंय.

सगळ्यात मोठे आभार मात्र धुण्याआधीच्या पाच मिनिटांचे. अंडरसूट मशीनमध्ये कोंबण्याआधी उजेडात पसरून ओल कुठे आहे ते बघायचं, हे तुम्ही लावलेलं वळण. मनगटापासून कोपरापर्यंत ओल म्हणजे मनगटाचं सील, सूटची पाणी अडवणारी घट्ट कड: मूठ आवळली की शिरांच्या खोबणीतून पाणी आत येतं. गळा आणि छाती ओली असेल तर बहुतेक वेळा केस किंवा फ्लीसची कॉलर गळ्याच्या सीलखाली अडकलेली असते. डाव्या दंडावर ओल असेल तर हवा सोडायचा व्हॉल्व्ह, छातीच्या मधोमध असेल तर हवा भरायचा. नुसते पाय किंवा बूड भिजलं असेल तर गळती तिथेच असेल असं नाही, पाणी उताराने वाहतं, म्हणून वर शोधत जायचं. आणि बाहेरून सगळीकडे सारखा दमट, आतून कोरडा, असं असेल तर ती गळतीच नाही. अंगातल्या वाफेचं थंड सूटला लागून पाणी झालं, एवढंच. तेवढ्यासाठी सील बदलायला पैसे घालू नका, हेही तुम्हीच सांगितलंत, आणि सील बदलून देणाऱ्या दुकानात बसून सांगितलंत.

साबणाबद्दल तुम्ही जितके कडक, तितके दुसऱ्या कशाबद्दल नसाल. फॅब्रिक सॉफ्टनर तर अजिबातच नको. त्याचा मऊ थर तंतूंवर बसतो, घाम बाहेर खेचून नेण्याची ताकद जाते आणि फ्लीसचे केस एकमेकांना चिकटतात. पावडरही टाळावी, कारण गार पाण्यात ती पूर्ण विरघळत नाही आणि थिन्सुलेटच्या, म्हणजे अंडरसूटमधल्या उबदार भरावाच्या, आतल्या बारीक तंतूंत अडकून राहते. द्रव साबण घ्यायचा, एका अंडरसूटला दोन मोठे चमचे, म्हणजे 30 मिली पुरे. निकवॅक्ससारखा खास धुलाईचा द्रव असेल तर उत्तमच, मात्र त्याचं माप बाटलीवर पाहायचं. मेरिनो लोकरीच्या बेस लेयरला, म्हणजे अंगालगतच्या कपड्याला, ‘बायो’ लिहिलेला साबण कधीच लावायचा नाही. त्यातली एन्झाइम्स प्रथिनं तोडतात, आणि लोकर म्हणजे प्रथिनच. उलट पी-व्हॉल्व्हची, म्हणजे सूट न काढता लघवी बाहेर सोडायची, नळी निसटून अंडरसूटला लघवीचा वास लागला असेल, तर तिथे एन्झाइमवालाच साबण हवा. पण फक्त पॉलिएस्टरवर, हे विसरायचं नाही. नुसता आंबूस वास असेल तर 5 लिटर पाण्यात अर्धा कप पांढरा व्हिनेगर, अर्धा तास भिजवून भरपूर विसळायचं.

मशीन पुढून उघडणारंच हवं. वरून उघडणाऱ्या काही मशीनमध्ये मधे दांडा असतो, त्यात शिवण ओढली जाऊन आतला भराव एका कोपऱ्यात गोळा होतो. सगळ्या झिपा आणि वेल्क्रो बंद, कपडा उलटा, पाणी 30 अंश, नाजूक कपड्यांचा प्रोग्राम, शेवटी एकदा जास्तीचं विसळणं. स्पिन 600 फेऱ्यांच्या वर नको. बॅटरीवर गरम होणारं जॅकेट असेल तर बॅटरी आधी काढायची आणि ते टबात हाताने दाबून धुवायचं, चादर पिळावी तसं पिळायचं नाही, आतली तार तुटते.

बेस लेयर दर डायव्हिंगच्या दिवसानंतर धुवायचा, अंडरसूट आठ-दहा डुबक्यांनी. मधल्या काळात उलटा करून वाऱ्यावर टाकला की पुरतं. जास्त धुण्यानेही कपडा चपटा होतोच.

वाळवण्यात आम्ही सगळेच चुकत होतो. ओला अंडरसूट लगेच हँगरला टांगला की सगळं पाणी खाली उतरतं, त्या वजनाने खांद्याची शिवण ताणली जाते. आधी दोन रॅकवर आडवा टाकून निथळू द्यायचा, मग जाड खांद्याच्या हँगरवर. रेडिएटरवर नाही. थिन्सुलेटमध्ये पॉलिप्रॉपिलिनचे तंतू असू शकतात, त्यांना उष्णता सोसत नाही, कुरळेपणा गेला की हवा धरायला जागाच उरत नाही. इंग्लंडच्या नोव्हेंबरात उन्हाची वाट पाहण्यापेक्षा बंद खोलीत डीह्युमिडिफायर लावलेला बरा. लेबल परवानगी देत असेल तर ड्रायर, अगदी कमी उष्णतेवर, सोबत दोन टेनिसचे चेंडू. चेंडू आपटून चिकटलेले तंतू सुटे करतात.

वाळल्यावर पूर्ण अंडरसूट एकदा झटकायचा आणि चिकट रोलर फिरवायचा, विशेषतः डाव्या दंडावर. आम्हाला आधी हा नुसता नीटनेटकेपणा वाटायचा. पण फ्लीसचा सुटा धागा व्हॉल्व्हच्या पडद्याखाली गेला की तो नीट बसत नाही आणि थेंब थेंब पाणी आत येत राहतं. म्हणजे सूट गळतोय म्हणून तक्रार, आणि दोष कपड्याच्या सुट्या धाग्याचा.

समुद्रातल्या डायव्हिंगला एक नियम वेगळा. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांजवळच्या स्कॅपा फ्लोला, 1919 साली बुडवलेल्या जर्मन आरमाराच्या जहाजांवर, आठवडाभर बोटीवरच मुक्काम असतो आणि तिथे अंडरसूट धुवायची सोय क्वचितच. सूटमध्ये खारं पाणी शिरलं तर तो भाग तसाच वाळवू नका, असं तुम्ही बजावलंत. मीठ हवेतली ओल ओढतं, कपडा हाताला कोरडा लागला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा दमट. म्हणून फक्त भिजलेली बाही किंवा पाय बादलीभर गोड्या पाण्यात दोनदा बुडवायचे, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचे, आणि मगच बोटीच्या उबदार खोलीत टांगायचे.

ठेवताना घडी नाही, व्हॅक्यूम पिशवी तर नाहीच. लेटेक्स सीलसाठी वापरायची पावडर बिनवासाची, हेही.

शेवटचं सगळ्यात कामाचं. नीट धुऊन फुललेला अंडरसूट जास्त हवा धरतो, म्हणून जास्त तरंगवतो. वर्षभर चपटलेल्या कपड्याला पुरणारं, पाण्याखाली राहण्यासाठी अंगावर बांधायचं शिसं मग पुरत नाही, आणि डुबीच्या अखेरीस, टाकी हलकी झाली की, वर येताना सुरक्षिततेसाठी 6 मीटरवर थांबणं अवघड जातं. धुतल्यानंतरच्या पहिल्या डुबीला उथळ पाण्यात, जवळपास रिकाम्या टाकीने वजन तपासायचं, सोबत एक-दोन किलो जादा ठेवायचं. ही गोष्ट आम्हाला तुमच्याशिवाय कोणी सांगितली नव्हती.

सोबत टेनिसच्या चेंडूंचा डबा पाठवतो आहोत, तुमचे दोन आमच्यापैकी कुणाच्या तरी ड्रायरमध्ये राहून गेलेत. काकूंना नमस्कार सांगा.

तुमचेच,
स्टोनी कोव्हचे मराठी डायव्हर