मूत्रपिंड वाचवण्याचा खर्च

लीड्स, इंग्लंड

तीर्थरूप काकांना साष्टांग नमस्कार.

पाठीतून छिद्र पाडून मुतखडा काढल्यानंतर आठ-दहा दिवसांनी लघवीतून रक्त जाऊ लागलेल्या ज्या रुग्णाविषयी आपण लिहिले होते, त्याच्यासारख्याला रक्त गळणारी धमनी आतून बंद करणाऱ्या धातूच्या बारीक वेटोळ्यांचा, म्हणजे कॉइलचा, खर्च झेपत नसेल तर मूत्रपिंड काढण्यावाचून गत्यंतर नाही, असे मला वाटत नाही.

नाडी आणि रक्तदाब स्थिर असेल, तर अंथरुणावर विश्रांती, सलाइन, गरजेप्रमाणे रक्त आणि हिमोग्लोबिनची वारंवार तपासणी एवढ्यावरही पुष्कळांचा स्राव थांबतो. मधल्या वेळात रंगीत डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्यावा. मात्र तो निर्दोष आला तरी रक्त जातच असेल, तर त्यावर विसंबू नये.

अँजिओग्राफी करायची वेळ आली तरी नवे यंत्र लागत नाही. हृदयासाठीची कॅथलॅब मूत्रपिंडालाही चालते, आणि आपल्या इंदुरात अशा कॅथलॅब अनेक आहेत. महाग पडतात ते मायक्रोकॅथेटर, म्हणजे धमनीच्या बारीक शाखेत शिरणारी अतिबारीक नळी, आणि कॉइल. धमनी बंद करण्यासाठी वापरला जाणारा जिलेटिनचा स्पंज, म्हणजे जेलफोम, स्वस्त खरा, पण तो काही आठवड्यांत विरघळतो आणि वाहिनी पुन्हा उघडू शकते. शिवाय धमनी व शीर यांच्यात मोठी वाट पडली असेल, तर त्याचे तुकडे थेट फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. अशा ठिकाणी मला ग्लू, म्हणजे वाहिनी बंद करणारा वैद्यकीय डिंक, अधिक पटतो. लिपिओडॉल या क्ष-किरणांत दिसणाऱ्या तेलात मिसळलेले त्याचे थोडेसे मिश्रण पुरते, परंतु रक्ताचा स्पर्श होताच तो घट्ट होत असल्यामुळे कॅथेटर आधी 5 टक्के डेक्स्ट्रोजने धुवावा लागतो आणि हात सरावलेला हवा. मूत्रपिंडातील धमनीच्या शाखा एकमेकींना जोडलेल्या नसतात. जी बंद केली तिच्या वाट्याचा भाग मरतो, म्हणून जखमेच्या जितके जवळ जाता येईल तितके जावे. मायक्रोकॅथेटरवर केलेला खर्च त्यामुळे मला वायफळ वाटत नाही. काटकसर कॉइलच्या संख्येत करावी.

मूत्रपिंड काढणे बिलापुरतेच स्वस्त असते. दुसरे मूत्रपिंड दुबळे निघाले, तर आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसचा फेरा त्या कुटुंबाच्या मागे लागतो. रुग्ण ढासळत असेल आणि कॅथलॅब हाताशी नसेल, तेव्हा मात्र पोट उघडण्यास विलंब करू नये.

आपल्या हृदयरोगतज्ज्ञ मित्रांशी रात्रीच्या वेळी कॅथलॅब मिळण्याबाबत आधीच बोलून ठेवावे, आणि ग्लू व लिपिओडॉल रुग्णालयाच्या औषधभांडारात ठेवता येतील का, हेही विचारावे.

काकूंना नमस्कार.

आपली,
मृणाल