बूट नव्हते म्हणून नाही, महत्त्व वाटलं नाही म्हणून

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा भाचा विचारत होता, मामा आपल्या फुटबॉल टीमकडे बूट नव्हते म्हणून १९५० च्या वर्ल्डकपला घेतलं नाही ना? म्हटलं कोणी सांगितलं, तर म्हणे पेपरात वाचलं. म्हणून हे पत्र. ही गोष्ट दर चार वर्षांनी कुठे ना कुठे छापून येते, आणि अर्धी खरी आहे म्हणून जास्तच चिकटून बसलीये.

खरं एवढंच की १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सशी २-१ हरले, तेही दोन पेनल्टी वाया घालवून. मग ब्राझीलच्या वर्ल्डकपसाठी आपल्या गटातल्या बाकीच्या देशांनी माघार घेतली आणि आपल्याला न खेळताच जागा मिळाली, समोर इटली, स्वीडन आणि पॅराग्वे. आपल्या फुटबॉल फेडरेशनने टीम निवडीवरून मतभेद आहेत, सरावाला वेळ नाही असं सांगून नकार कळवला. त्या काळचे आपले खेळाडू शैलेन मन्ना यांनी पुढे स्वतः सांगितलंय की तेव्हा वर्ल्डकपची आम्हाला फारशी कल्पनाच नव्हती, ऑलिम्पिक म्हणजेच सगळं वाटायचं. आणि बूटच आडवे आले असते तर १९५२ ला हेलसिंकीला पण बरेच जण अनवाणी कसे उतरले? तिथे युगोस्लाव्हियाने १०-१ धुतलं, त्यानंतर कुठे बूट कंपल्सरी झाले.

मला याचा राग का येतो सांगतो. बूट नव्हते म्हटलं की गरिबी आली, आणि गरिबीला कोण काय बोलणार. महत्त्व वाटलं नाही म्हटलं की कोणाला तरी जाब द्यावा लागतो.

आणि या एका गोष्टीपायी खऱ्या गोष्टी मागे पडल्यात. नेव्हिल डिसोझा, मूळचा गोव्याचा, मुंबईत टाटांकडून खेळायचा, माझे वडील कूपरेजच्या मैदानावर त्याला बघायला जायचे. १ डिसेंबर १९५६ ला मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरी आपण ४-२ हरवलं आणि त्यात नेव्हिलची हॅटट्रिक, ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक मारणारा पहिला आशियाई खेळाडू! मान्य, त्या वर्षी टीम कमी होत्या, पहिल्या राउंडला हंगेरी आलीच नाही, पण सेमीफायनलला युगोस्लाव्हियाविरुद्ध सुद्धा पहिला गोल नेव्हिलचाच होता, मग ४-१ हरलो आणि शेवटी चौथे आलो. भाच्याला ऑस्ट्रेलियाचे क्रिकेटर तोंडपाठ आहेत, हे नाव त्याने पहिल्यांदा माझ्याकडून ऐकलं.

त्या मेलबर्नच्या टीमचे कोच होते हैदराबादचे रहीमसाहेब, ज्यांच्या हैदराबाद पोलीस टीमने इथे मुंबईत येऊन लागोपाठ पाच वेळा रोव्हर्स कप नेला. कॅन्सर झालेला असताना त्यांनी १९६२ ला जकार्ताच्या एशियन गेम्सला टीम नेली, डोक्याला टाके पडलेला जर्नेल सिंग डिफेंडरचा फॉरवर्ड होऊन खेळला आणि गोल पण मारला, सगळं स्टेडियम आपल्या विरोधात, तरी फायनलला दक्षिण कोरियाला २-१ हरवून गोल्ड आणलं. पुढच्याच वर्षी रहीमसाहेब गेले. १९७० ला बँकॉकला ब्राँझ, ते एशियन गेम्समधलं आपलं फुटबॉलचं शेवटचं मेडल.

आणि आता? ऑक्टोबर २०२५ ला मडगावला फातोर्ड्याच्या मैदानावर, गोव्याच्या लोकांसमोर, आधी गोल करून सुद्धा सिंगापूरकडून २-१ हरलो आणि २०२७ च्या एशियन कपमधून बाहेर. त्या रात्री जेवण गेलं नाही. त्याच वर्षी जुलैत आपल्या मुलींनी थायलंडला चियांग माईत २-१ हरवून एशियन कपचं तिकीट काढलं, पण ती बातमी मला खेळाच्या पानावर शोधावी लागली. इथे पण बूट नव्हते का?

माझी विनंती एवढीच, यंदा १ डिसेंबरला खेळाच्या पानावर नेव्हिलचा फोटो छापा, मोठा, आणि खाली मेलबर्नचा स्कोअर द्या. भाच्याला मी कात्रण काढून ठेवायला सांगितलंय.

आपला जुना वाचक,
गिरगाव, मुंबई